कापसातलं पुस्तक आणि बाबांची मिशी

दिवाळीच्या आधी लोक घर झाडून-पुसून लख्ख करतात. आमच्याकडेही आई ते सगळं मन लावून करायची, आणि तिचं झालं की दोन दिवसांत बाबा त्याच घरात छताला टेकेल इतका कापूस आणून टाकायचे. उमरखेडपासून एसटीने पाऊण तासावर आमचं गाव. तिथे वेचणी आणि दिवाळी दोन्ही एकदमच अंगावर येतात, आणि सौदा होईपर्यंत कापूस ठेवायचा कुठे, तर घरात. समोरची मोठी खोली त्याची. उरलेल्या दीड खोलीत आम्ही चौघं: बाबा, आई, आबाजी म्हणजे माझे आजोबा, आणि मी. पाहुणे आले तर अंगणात खाटेवर. तरीही उठताना त्यांच्या मागे कापूस चिकटलेला असायचाच, आणि ते त्यांना आपल्या घरी पोचल्यावर कळायचं.

कापसाने आमच्या दिवाळीचे सगळे नियमच बदलून टाकले होते. पणत्या लावायच्या त्या फक्त अंगणाच्या पलीकडच्या भिंतीवर, आणि प्रत्येक पणतीवर आईची नजर, शेजारी पाण्याची बादली. करंज्या तळायच्या त्या अंगणाच्या पार कोपऱ्यात, तीन दगडांच्या चुलीवर, वारा नसेल तेव्हा. फटाके फोडायला आम्ही मुलं नाल्यापलीकडे जायचो आणि परत आल्यावर आई माझे कपडे हुंगून मगच मला आत घ्यायची. चिवड्यात शेंगदाण्यांबरोबर कापसाचे धागे निघायचे. कोणी तक्रार केली तर आबाजी म्हणायचे की धागा पोटाला चांगला असतो. मला हे सगळं वेड्यासारखं आवडायचं. बाकीच्यांच्या घरी दिवाळी पाच दिवस असते, आमच्या घरी ती खोली भरून असायची.

मी तेव्हा पाचवीत होते आणि मला वाचायचं व्यसन होतं. दुसरा शब्द नाही. गावात वाचण्यासारखं काही नव्हतं, म्हणून जे असेल ते मी वाचायची. फवारणीच्या औषधाबरोबर घडी केलेला एक कागद येतो, त्यावर विषबाधा झाल्यास काय करावं ते बारीक अक्षरात असतं. तो मराठीतून वाचून संपला की मी हिंदीतून वाचायची. कॅलेंडरच्या पानांची मागची बाजू वाचायची म्हणून महिना संपायच्या आधीच पान उलटायची, आणि मग आईचे उपास चुकायचे. शाळेत मात्र एक लोखंडी कपाट होतं. आमच्या मॅडम दिवाळीच्या सुट्टीसाठी त्यातून प्रत्येकाला एक पुस्तक द्यायच्या. त्या वर्षी मी सगळ्यात जाड उचललं. मॅडमनी नेहमीप्रमाणे बजावलं की शाळा उघडेल त्या दिवशी सगळी पुस्तकं परत पाहिजेत, एक जरी कमी भरलं तरी वर्गाचं कपाट उन्हाळ्यापर्यंत बंद.

पुस्तक होतं एका जहाजावरच्या स्वयंपाकिणीचं. कप्तान आजारी पडतो, खलाशी आपसात भांडतात, आणि जिने आजवर फक्त चूल सांभाळली त्या बाईवर जहाज किनाऱ्याला लावायची पाळी येते. मी पैनगंगेपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. पण मला समुद्र पाहिजे होता, आणि आमच्या समोरच्या खोलीत तो होता, पांढराशुभ्र, वर चढलं की हळूहळू खाली घेणारा.

कापसावर चढायची मला सक्त मनाई. ती का होती हे सांगायचं तर बाबांच्या मिशीबद्दल सांगावं लागेल. बाबांची मिशी चांगली दाट, टोकाला वर वळलेली. चहा झाला की दोन बोटांनी आधी डावी बाजू पुसायची, मग उजवी. पंचक्रोशीत बाबांचं नाव होतं ते स्वच्छ कापसासाठी. बोंडाची पाती नाही, काडी नाही, माती नाही. वेचणाऱ्या बायांना ते स्वतः डोक्याला फडकं बांधायला लावायचे, म्हणजे केस पडायला नको. आणि दरवर्षी उमरखेडहून कापूस घ्यायला येणाऱ्या व्यापाऱ्याला, ज्यांना आम्ही सगळे चाचा म्हणायचो, बाबा खोलीचं दार उघडताना एकच वाक्य म्हणायचे, "कापूस सोडून एक काडी दाखवा चाचा, इथंच मिशी काढून देतो." चाचा खांद्यापर्यंत हात घालून ढीग चाचपायचे, काही सापडायचं नाही, दोघे हसायचे आणि चहा व्हायचा. हे वाक्य साऱ्या गावाला पाठ होतं.

तरीही मी चढायची. दुपारी आई करंज्या करायला अंगणात आणि बाबा शेतात असले की मी पाय धुऊन, पुसून, खिडकीच्या गजावर पाय देऊन वर जायची. पाय धुतले म्हणजे पाप निम्मं झालं असा माझा हिशेब होता. वर छताजवळ एक झरोका होता, त्याचा उजेड नेमका पुस्तकावर पडायचा. मी कमरेपर्यंत कापसात रुतून वाचायची. वादळ आलं की मी मुद्दाम डुलायची. अंगाला खाज सुटायची ती वेगळीच. आईला वाटायचं घामोळं आहे, आणि ती ऐन दिवाळीत घामोळं कसं काय म्हणत मला कडुलिंबाच्या पाण्याने आंघोळ घालायची.

वसुबारसेच्या दिवशी जहाजाचं सुकाणू मोडलं आणि नेमकी तेव्हाच आईने हाक मारली. पुस्तक घेऊन खाली उतरावं तर पकडली जाईन. मी ते तिथेच कापसात खोचलं, वर मूठभर कापूस ओढला आणि उतरले. आईने मला करंज्यांच्या कडा मुरडायला बसवलं. त्या संध्याकाळी बाबा चार बायांसह आले आणि दिवसभराची आठ गाठोडी त्यांनी ढिगावर रिकामी केली. मी हातात कच्ची करंजी घेऊन बघत होते. आठवं गाठोडं पडलं तेव्हा झरोकासुद्धा दिसेनासा झाला.

दुसऱ्या दिवसापासून माझी दिवाळी म्हणजे शोधमोहीम. संधी मिळाली की चढायचं, कोपरापर्यंत हात घालायचा, चाचपायचं. कापूस हा असा प्रकार आहे की त्यात वस्तू ठेवलेल्या जागी राहत नाही, सरकत सरकत खाली जाते. मला बोंडाची एक पाती सापडली, ती मी बाबांच्या अब्रूसाठी खाऊन टाकली. पुस्तक सापडेना. नरकचतुर्दशीला पहाटे बाबांनी अभ्यंगाचं तेल आधी मिशीला लावलं, मन लावून, आरशात बघत, आणि मला रडू फुटलं. आईला वाटलं साबण डोळ्यात गेला. लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे कापसाचीही पूजा होते, एक मोठा पुंजका पाटावर मांडतात. मी त्याच्यासमोर हात जोडून लक्ष्मीला पुस्तक मागितलं. नंतर लक्षात आलं की हे काम सरस्वतीच्या खात्यात येतं, पण तिचा त्या दिवशी फोटो लावलेला नव्हता.

सांगून टाकायचं होतं, रोज होतं. पण सांगितलं की बाबांनी सगळा ढीग उपसला असता, आणि ढीग उपसून पुस्तक निघालं की मिशी गेली. न सांगावं तर चाचांच्या हाताला लागणार आणि मिशी गेलीच. त्यातल्या त्यात बरं काय, तर पुस्तक कोणालाच न सापडता थेट जिनिंगला, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, जाईल आणि फक्त शाळेचं कपाट बंद होईल. वर्गातली सगळी मुलं उन्हाळ्यापर्यंत पुस्तकाविना राहतील, याला मी मनातल्या मनात तयार झाले. इतक्या खालच्या थराला मी गेले होते.

पाडव्याला सकाळी गायगोधन झालं. शिंगं रंगवलेल्या गायी गावभर फिरून आल्या आणि थोड्याच वेळात हमालांसह चाचांचा टेम्पो दारात लागला. पाडव्याच्या मुहूर्तावर सौदा करायचा ही त्या दोघांची जुनी रीत. अंगणात काटा उभा राहिला. बाबांनी खोलीचं दार उघडलं, मिशीवरून दोन बोटं फिरवली आणि ते वाक्य म्हटलं. मी आबाजींच्या खाटेमागे उभी होते. चाचांनी अस्तनी वर केली, ढिगात हात घातला, आणि पहिल्याच खेपेला त्यांचा चेहरा बदलला. हात बाहेर आला तेव्हा त्यात माझं जहाज होतं.

हमाल थांबले. चाचांनी पुस्तकावरचा कापूस फुंकला, उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, या साली वावरात काय पेरलं होतं?"

हमाल हसले. बाबा हसले नाहीत. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. गावात कापसाचं वजन वाढवायला कोण काय काय घालतं हे सगळ्यांना माहीत होतं, आणि बाबांनी आजवर त्या सगळ्यांना नावं ठेवली होती. मी खाटेमागून बाहेर आले आणि पुस्तक माझं आहे असं सांगितलं. आवाज इतका लहान निघाला की पुन्हा सांगावं लागलं. मग मी सगळंच सांगितलं, झरोका, धुतलेले पाय, आठ गाठोडी. खाल्लेली पातीसुद्धा.

चाचा भले माणूस. त्यांनी लगेच विषय मिटवायचा प्रयत्न केला. म्हणाले, शर्त कचऱ्याची होती, आणि किताब हा काही कचरा नाही. त्यावर बाबा म्हणाले की कापसात कापूस सोडून जे काही असेल ते सगळं कचराच. चाचा म्हणाले, इल्माच्या, म्हणजे विद्येच्या चीजेला कचरा म्हणणं बरं नाही. बाबा म्हणाले, मग तुम्ही मला इल्माच्या भावाने पैसे देणार आहात का. पुस्तक कचरा आहे की नाही यावर अंगणात अर्धा तास वाद झाला. हमालांमध्येही दोन तट पडले. शेवटी बाबा आत गेले आणि दाढीचं सामान घेऊन बाहेर आले.

तेव्हा आई मध्ये पडली, आणि तिचं म्हणणं वाजवी होतं. आमच्याकडे बाप मेल्याशिवाय माणूस मिशी काढत नाही. सासरे समोर खाटेवर बसून चहा पीत असताना हा अपशकुन तिला चालणार नव्हता. सगळ्यांनी आबाजींकडे पाहिलं. आबाजींनी बशीतला उरलेला चहा संपवला.

"मी जिता हाओ तोवर तुले मिशी काढता येत नाही, हे खरं हाये," ते म्हणाले. "पर दरसाली शब्द देताना मले इचारलं होतं काय? मंग आता काहून इचारून राह्यला? काढ."

मग ते उठले, स्वतःची खाट ओढत ओढत फाटकापाशी नेली आणि रस्त्याकडे तोंड करून बसले. मी जिवंत आहे हे मी स्वतः सांगतो लोकांना, असं म्हणाले. बाबांनी आरसा कडुलिंबाच्या फांदीला टांगला आणि मिशी उतरवली. चाचांनी तोंड फिरवलं. मला वाटलं होतं की मी रडेन, पण बाबा वळले तेव्हा त्यांचा तो गोरा, गुळगुळीत, कधीच ऊन न पाहिलेला ओठ बघून आईच्या तोंडून जे हसू फुटलं ते आवरेना. ती चुलीपाशी बसकण मारून हसली. मग मी हसले, मग हमाल. बाबांनी निमूटपणे काट्यावर पहिलं गाठोडं चढवलं.

दिवसभर माणसं येत राहिली. शेजारच्या गावातून दोघे जण तोंड पाडून आले, फाटकातच त्यांना आबाजी भेटले, आणि आपल्याच मयतीला आलेल्यांना आबाजींनी स्वतःच्या हाताने चिवडा दिला. ते तर खुशीत होते. आपल्यामागे कोण कोण येईल हे त्यांना डोळ्यांनी बघायला मिळत होतं, आणि कोण आलं नाही हेही ते लक्षात ठेवत होते.

भाऊबीजेला मात्र कहर झाला. आत्या पांढरकवड्याहून दोन गाड्या बदलून आली. आबाजी नेमके ऊन आलं म्हणून खाट घेऊन घरामागे गेले होते. आत्याने फाटकातून बाबांचा उघडा ओठ पाहिला, हातातली पिशवी टाकली आणि तिथेच हंबरडा फोडला. मले कळवलं काहून नाही, असं म्हणत ती जमिनीवर बसली. बाबा काही सांगायला जात, ती ऐकून घेईना. रडण्याचा आवाज ऐकून आबाजी काठी टेकत घरामागून आले आणि कोण गेलं म्हणून चौकशी करू लागले. आत्याने त्यांना पाहिलं. आधी तिचं रडणं दुप्पट झालं, मग एकदम थांबलं, आणि मग तिने पिशवीतले अनारसे एकेक करून बाबांना फेकून मारले. ओवाळायलाही ती लवकर तयार होईना. म्हणाली, भाऊ ओळखू तर आला पाहिजे.

या सगळ्यात बाबा माझ्याशी एक शब्दही बोलले नव्हते. रागावले असते तर बरं झालं असतं. ते माझ्याकडे बघायचे आणि नकळत दोन बोटं ओठाकडे जायची, तिथे काही नसायचं, आणि हात खाली यायचा. त्या दुपारी आत्याचा राग निवल्यावर ते कडुलिंबाखाली दोर वळत बसले होते. मी पाणी घेऊन गेले. पेला घेताना त्यांनी विचारलं, "येवढं काय हाये त्या पुस्तकात, का कापसात जाऊन बसली?"

मी सांगायला लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि म्हणाले, सांगू नको, वाच.

बाबा चौथीपर्यंत शिकलेले. सही करायचे, एसटीची पाटी वाचायचे, त्यापुढे वेळ नाही म्हणायचे. मी पहिल्या पानापासून सुरू केलं. दुसऱ्या प्रकरणात त्यांचा दोर वळायचा थांबला. चौथ्यात त्यांनी जहाजाला ब्रेक नसतो का, असं विचारलं. मला माहीत नव्हतं. खलाशी भांडायला लागले तेव्हा ते संतापले, म्हणाले, या सगळ्यांना कामावरून काढलं पाहिजे. त्यानंतर रोज शेतातून आले की हातपाय धुऊन ते खाटेवर बसायचे आणि माझी वाट बघायचे. आई पोळ्या लाटता लाटता ऐकायची. स्वयंपाकीण वादळातही भात शिजवते ते आईला पटलं नाही, पण तिने ऐकणं सोडलं नाही. प्रत्येक वादळ बाबा मला दोनदा वाचायला लावायचे. मी इतकी सुखात होते की सुट्टी संपत आलीय हे विसरूनच गेले.

शाळा उघडली त्या दिवशी चाळीस पानं उरली होती. जहाज खडकांच्या मधोमध होतं.

बाबा माझ्याबरोबर निघाले. दुपट्टा त्यांनी नाकापर्यंत गुंडाळला होता. वर्गात पुस्तकं जमा करणं चालू होतं, मॅडम रजिस्टर घेऊन बसल्या होत्या. बाबांनी दुपट्टा खाली केला, आणि मॅडम खुर्चीतून उठल्याच. आबाजी कधी गेले, त्यांनी हळू आवाजात विचारलं. बाबांनी सांगितलं की ते घरी आहेत, चिवडा खाऊन राह्यले. मग पुस्तक काखेत धरून ते म्हणाले की हे अजून चार दिवस मिळालं पाहिजे.

मॅडमनी नियम सांगितला. पुस्तक आज जमा झालंच पाहिजे, ते घ्यायला दुसरी मुलगी रांगेत उभी आहे, एकाला सूट दिली तर सगळेच मागतील. नियम सगळ्या विद्यार्थ्यांना सारखा. सगळा वर्ग बाबांच्या ओठाकडे बघत होता आणि मला जमिनीत शिरावंसं वाटत होतं.

"मॅडम, याच्यापायी माही मिशी गेली," बाबा म्हणाले. "ते बाई किनाऱ्याले लागली का नाही, हे पाहल्याबिगर वापस कसं देऊ? पोरीच्या नावावर देता येत नसन तर जमा करून घ्या, आन् माह्या नावावर लिवा."

रांगेतल्या मुलीला मॅडमनी विचारलं की चार दिवस थांबशील का, आणि ती हो म्हणाली, पण शेवट मला सांगायचा नाही, अशी अट घालून. मग मॅडमनी पाचवीच्या यादीत शेवटच्या नंबरखाली एक नवा नंबर घातला, बाबांचं पूर्ण नाव लिहिलं आणि पेन त्यांच्या हातात दिला. बाबांनी सावकाश सही केली. सही झाल्यावर त्यांनी वर पाहिलं आणि ते हसले.

गावात सगळे म्हणायचे की ही पोरगी पूर्ण आईवर गेली, बापाचं हिच्यात काहीच नाही. मीही तेच धरून चालले होते. त्या दिवशी सगळ्या वर्गासमोर मला पहिल्यांदा दिसलं की हसताना बाबांचा वरचा ओठ डावीकडे थोडा जास्त वर जातो, अगदी माझा जातो तसा.